केवळाबाईची अर्धी कबुली

लातुरात क्लासवाल्या गल्लीत केवळाबाईची मेस विचारली की कुणीही हातानं दाखवून देतं. दारावर 'घरगुती, शुद्ध शाकाहारी' अशी पाटी आहे. रोज एकशेवीस डबे भरतात. नीटची तयारी करणारी पोरं-पोरी तिला मावशी म्हणतात आणि घाबरतात. ताटात भाकरी टाकून उठणाऱ्याला ती सोडत नाही, मग तो उद्याचा डॉक्टर असो की सर्जन. "उपाशी माणूस बघितलाय का कधी?" एवढं विचारते, आणि पोरगं मुकाट्यानं परत बसतं.

केवळाबाई ख्रिस्ती आहे. तिच्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला, पण नावं मात्र घरात जुनीच राहिली. गावाच्या कडेला चर्चच्या एका लहान मंडळीत ती जाते, आणि गेली अकरा वर्षं नाताळच्या प्रभुभोजनाची भाकर तिच्याच हातची असते. बिनखमिराची, गव्हाची, तव्यावर भाजलेली. या मंडळीची एक जुनी रीत आहे. नाताळच्या आधीच्या रविवारी ज्याचं कुणाशी बिनसलंय त्यानं त्याच्या घरी जायचं, चुकलं असेल ते कबूल करायचं, आणि मगच नाताळला प्रभुभोजनाच्या मेजाजवळ यायचं. त्या आठवड्यात सासू-सुना एकमेकींच्या पाया पडतात, बांधावरून भांडलेले भाऊ एकत्र चहा पितात. निम्मी माफी वरवरची असते म्हणा, जानेवारीत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पण भाकर मळणाऱ्या बाईला सूट नाही. पिठात पाणी घालण्याआधी तिनं पाळकासमोर उभं राहून म्हणायचं, "माझ्यामुळं कुणाच्या काळजात काटा न्हाई."

अकरा वर्षं केवळाबाई हे वाक्य न अडखळता म्हणत आली. कारण जिच्या काळजात काटा रुतायला हवा होता ती तिची जुनी शेजारीण मल्लम्मा पन्नास किलोमीटरवर, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात राहत होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

यंदा जूनमध्ये मल्लम्माच लातुरात आली. तिच्या मुलाची, भुजंगची पोरगी ऋतुजा बारावीला, क्लास लावलेला. पोरीला एकटी कशी ठेवायची म्हणून आजी सोबत. खोली घेतली ती मेसच्या मागच्याच गल्लीत, कारण "केवळा हाय ना तिथं." रोज सकाळी ऋतुजा क्लासला गेली की मल्लम्मा मेसमध्ये येऊन बसायची आणि न सांगता भाजी निवडायला घ्यायची. लिंगायताची बाई, पण केवळाबाईच्या हातचं खायला तिनं कधी आढेवेढे घेतले नाहीत. भूकंपानंतर तीन वर्षं दोघींनी पत्र्याच्या शेडमध्ये एका चुलीवर रांधलं होतं. दोघी एकाच दिवशी विधवा झालेल्या.

मेथी निवडता निवडता ती हटकून म्हणायची, "माझी सिद्धी झोपंतच गेली, हे तू सांगितलंस बघ. त्याच्यावर जगले मी." केवळाबाई तेव्हा काहीतरी आणायला आत जायची.

मल्लम्माची लेक सिद्धम्मा झोपेत गेली नव्हती.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात मल्लम्मा भुजंगला घेऊन माहेरी निलंग्याकडं गेली होती, आई आजारी म्हणून. तेरा वर्षांची सिद्धम्मा बापाचं आणि आजीचं रांधायला मागं राहिली. केवळाबाईचं घर शेजारी, मधली भिंत एकच. गणपती बोळवून गाव झोपलं, आणि पहाटे जमीन हलली तेव्हा केवळाबाई परसाकडं गेली होती म्हणून वाचली. परत आली तर गल्ली नव्हती. माळवदाची माती आणि दगड, बस. नवरा सटवाजी त्याखाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहारी घेऊन जवान आले. तोवर केवळाबाई ढिगाऱ्यावर बसून होती. आणि दगडाला कान लावला की भिंतीपलीकडून सकाळपासून आवाज येत होता. "केवळामावशी. दगड काढ गं." सिद्धम्माचा आवाज. केवळाबाईनं नखं तुटेस्तोवर दगड ओढले, पण ते हातभर रुंदीचे दगड एकट्या बाईला कुठं हलायचे. जवानांतल्या एकानं विचारलं, "अम्मा, इधर कोई जिंदा है?" आणि केवळाबाईनं स्वतःच्या घराकडं बोट केलं. सटवाजीचा आवाज तिनं एकदाही ऐकला नव्हता. पण बोट तिकडंच गेलं. जवान तीन तास खणत राहिले. सटवाजी निघाला तो कधीच गार पडलेला.

नंतर मल्लम्मा आली, ऊर बडवत. "माझं लेकरू बोललं का गं काही?" असं विचारलं तिनं. केवळाबाई म्हणाली, "न्हाई अक्का. झोपंतच गेली."

यंदा नाताळच्या आधीच्या रविवारी हे एवढं ती पाळकांना सांगायला गेली. पाळक दयानंद तिशीतला माणूस, उदगीरकडचा, भूकंप झाला तेव्हा पाळण्यात असेल. चर्चच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं.

"तुमच्या जागी कुणीही आपल्याच माणसाकडं बोट दाखवलं असतं, मावशी," ते म्हणाले. "पण खोटं बोललात ते त्या बाईंपाशी. तेव्हा देवापुढं रडून भागणार नाही. त्यांच्याकडं जावं लागेल."

"तिचं आहे ते समाधान काढून घेऊ? ह्या वयात?"

"तिनं तुमच्या भरवशावर ठेवलेलं आहे ते. खोटं नाणं तुम्हीच दिलंय, तुम्हीच परत मागा." मग त्यांनी सहज विचारलं, "एवढंच ना?"

"एवढंच," केवळाबाई म्हणाली.

एवढंच नव्हतं.

बुधवारी डबे गेल्यावर मल्लम्मा नेहमीसारखी सूप घेऊन बसली होती. केवळाबाईनं तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि सांगितलं. आवाज येत होता हे सांगितलं, बोट कुठं दाखवलं ते सांगितलं. मल्लम्मा ऐकताना भिंतीकडं बघत राहिली. केवळाबाईला वाटलं, आता ही उठेल आणि पुन्हा कधी या दारात येणार नाही.

"यव्वा," मल्लम्मा शेवटी म्हणाली. "माझं लेकरू जित्तं होतं." पदर तोंडावर धरून ती खूप वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुझा नवरा खाली होता. मी असते तर मीबी माझ्याच घराकडं बोट केलं असतं. जाऊ दे, केवळा. तू तरी काय करशील." आणि तिनंच केवळाबाईच्या डोक्यावरून हात फिरवला.

झालं की. माफी मिळाली. केवळाबाईनं हलकं व्हायला हवं होतं. पण त्या हाताखालून डोकं काढून ती काहीतरी आणायला आत गेली. त्या रात्री जेवण गेलं नाही आणि गुरुवारी आमटीत दोनदा मीठ पडलं. पोरं काही बोलली नाहीत, त्यांची काय बिशाद. आपली चोरी अर्धी सांगून पुरी शाबासकी घेतलीय, हे तिचं तिला ठाऊक होतं. आधी नुसतं पाप होतं. आता त्यावर मल्लम्माच्या मायेचं पांघरूण घातलं होतं, आणि ते पांघरूण तिनं फसवून आणलेलं.

शनिवारी, नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी, चर्चमागच्या खोलीत परात मांडली होती. पाळकांची बायको तारामती चाळलेलं पीठ घेऊन उभी. बाहेर तरुण पोरं चांदणी टांगत होती, कुणीतरी शिडी धरायला ओरडत होतं. दयानंद पाळक आले. केवळाबाई पदर सावरून उभी राहिली.

"माझ्यामुळं," ती म्हणाली, आणि थांबली.

पाळक वाट बघत राहिले. तारामतीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. केवळाबाईनं तो हातात घेतला नाही. अकरा वर्षं हेच वाक्य तिनं याच जागेवर खोटं म्हटलं होतं, आणि त्या खोट्याची भाकर सगळ्या मंडळीनं खाल्ली होती. हा विचार तिला पहिल्यांदाच आला, आणि आला तो अंगावरच.

"तारामती, पीठ तू मळ," ती म्हणाली. "माझ्यानं व्हायचं न्हाई."

ती तडक मल्लम्माच्या खोलीवर गेली. ऋतुजा टेस्ट द्यायला क्लासला गेली होती. मल्लम्मा गॅलरीत लुगडं वाळत घालत होती. केवळाबाईनं दार लोटून घेतलं आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, कारण बसली असती तर पुन्हा अर्ध्यावर थांबली असती.

"अक्का, बुधवारी मी निम्मंच सांगितलं. सटवाजीला काढलं तेव्हा सिद्धीचा आवाज बंद झाला नव्हता. बारीक झाला होता, पण येत होता. जवानानं मला पुन्हा विचारलं, और कोई है? मी न्हाई म्हणलं."

मल्लम्माच्या हातात लुगड्याचं एक टोक तसंच राहिलं.

"का?"

"आता हो म्हणलं असतं तर आधी का न्हाई सांगितलं, असं इचारलं असतं. समदं गाव उभं होतं. मला लाज वाटली. लाजंपायी. जवान म्होरच्या गल्लीत गेले. मी तिथंच बसले. दिवेलागणीपर्यंत आवाज येत होता."

खाली रस्त्यावर क्लास सुटल्याचा गलका होता. मल्लम्मानं लुगडं दोरीवर नीट पसरलं, चिमटे लावले, एकेक करून. केवळाबाईला वाटलं, हिनं आता मारावं. ओरडावं.

"जा," मल्लम्मा म्हणाली.

"अक्का..."

"जा म्हणलं ना."

नाताळच्या सकाळी केवळाबाई चर्चला गेली, पण मागच्या बाकावर बसली. तारामतीची भाकर जरा जाड झाली होती. सगळी मंडळी मेजाकडं गेली, ती जागची हलली नाही. बायका वळून वळून बघत होत्या. केवळाबाई आणि मेजापासून लांब, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या ख्रिस्ती घरांत फिरणार, हे तिला कळत होतं. पाळकांनी तिच्याकडं पाहिलं आणि बोलावलं नाही. ते त्यांनी बरं केलं.

क्लासला काही नाताळाची सुट्टी नसते. डबे भरायचे म्हणून ती घाईनं परत आली. मेसच्या पायरीवर मल्लम्मा बसली होती. कालपासून झोपली नसावी, डोळे सुजलेले.

"बुधवारची माफी मी परत घेतली," मल्लम्मा म्हणाली. "ती तू फसवून घेतलीस."

"व्हय, अक्का."

"दुसरी द्यायला बघतेय. येईना अजून. देवाला मागितली, तरी येईना. आली तर सांगीन."

केवळाबाईनं मान हलवली. कुलूप काढायला किल्ली हातात घेतली, पण पायरीवर मल्लम्मा बसलेली, ओलांडून कसं जायचं. मल्लम्मा उठली नाही.

"काल तुला हाकललं आणि रातभर इचार केला," ती म्हणाली. "आता पुन्हा तुझं तोंड बघायचं न्हाई म्हणलं. ऋतुजाला घेऊन दुसऱ्या गल्लीत जायचं ठरवलं. मग ध्यानात आलं. सिद्धीचा आवाज कसा होता ते मी इसरलेय. एकोणतीस वर्षं झाली. फोटो हाय एक, आवाज न्हाई. माझ्या लेकीचं शेवटचं बोलणं जगात एकाच माणसाजवळ हाय, आणि ती तू हायस. तुला सोडून मी जाऊ कुठं? बस हितं. ती काय काय म्हणली, कसं म्हणली, समदं सांग. माझ्यासाठी गोड करू नको."

केवळाबाई तिच्याशेजारी पायरीवर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली. सिद्धम्मानं पाणी कसं मागितलं, आजी हलत नाही असं कसं सांगितलं, मध्येच शाळेतली कविता कशी म्हटली, भीती घालवायला. मल्लम्मा प्रत्येक शब्द ओठांवर परत घेत होती. जवानानं दुसऱ्यांदा विचारलं तिथवर आल्यावर केवळाबाई थांबली. तेव्हा मल्लम्मानं तिचा हात धरला, दुखेल इतका घट्ट, आणि म्हणाली, "पुढं." आणि दिवेलागणीचं सगळं सांगून होईपर्यंत तिनं तो हात सोडला नाही.