बाटलीवरचा सडा

प्रयोगशाळेच्या मांडणीवर खर्चुडीच्या, एका दुर्मिळ कंदवेलीच्या, बाटल्या ओळीने उभ्या आहेत. पांढऱ्या दिव्यांखाली, जेलीसारख्या खाद्यात, बोटाएवढी रोपं. पाऊस, मुंगी, वारा, यांतलं काहीच त्यांना ठाऊक नाही. याला आम्ही जगवणं म्हणतो.

सगळी एकाच कंदाच्या तुकड्यांपासून वाढवलेली. तो कंद सोनाबाईंनी मला त्यांच्या गावामागच्या कातळसड्यावर, उघड्या खडकाळ पठारावर, दाखवला होता. लहानपणापासून त्या हे कंद खात आलेल्या. पण काढला की कोंब फुटणाऱ्या डोळ्याचा तुकडा परत त्याच खड्ड्यात पुरायच्या. माझ्याकडूनही त्यांनी तो पुरून घेतला.

काल त्या रोपं बघायला आल्या. एका बाटलीचं झाकण काढू लागल्या, तेव्हा मी हात धरला. बाहेरची हवा लागली की बुरशी येते.

"मग मातीत कधी लावणार, बाय?"

"जागा मिळाली की."

सड्यावर आता जांभ्या दगडाची चिरेखाण आहे. आम्ही पुरलेला तुकडाही तिच्यातच गेला.

प्रत्येक बाटलीवर मी रोपाचं नाव लिहिते, आणि खाली ते कुठून आणलं ते: घोरपडीचा सडा. सोनाबाईंना वाचता येत नाही. जाताना त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिवलंय?"

मी फक्त वरची ओळ वाचून दाखवली.