धीर देता देता पातेलं फेकलं

मंडळी, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

आज दुपारी माझ्या मुलाने, निलेशने, कालवणाचं गरम पातेलं भिंतीवर फेकून मारलं. ते सूनबाईच्या कानाजवळून गेलं. रस्सा तिच्या खांद्यावर उडाला आणि कातडी लालबुंद झाली.

कारण काय, तर उद्या तिच्या आईचं ऑपरेशन आहे. कालवण ढवळताना ती म्हणाली, "निलेश, मला खूप भीती वाटतेय रे."

"घाबरतेस काय? डॉक्टर चांगला आहे."

"माहितेय. तरी वाटतेय."

"किती वेळा सांगू? डोक्यात शिरत नाही का तुझ्या?"

"तू सांगू नकोस काही. नुसता बस ना इथे."

तेवढ्यावर पातेलं उडालं. मी मध्ये पडलो, तर मलाही ढकललं. माझं कोपर फुटलं.

आमच्या घराण्यात रीतच आहे. कोणी भ्यालं की त्याच्यावर ओरडायचं, म्हणे भीती पळते.

मी तिच्या खांद्यावर पाणी ओतलं. ती रिक्षा करून उत्तनला माहेरी निघून गेली.

निलेश म्हणाला, "बाबा, मी तिला धीरच देत होतो."

मी म्हटलं, "अरे, आता ती ऑपरेशनला नाही, तुला भितेय."

उद्या हॉस्पिटलात मी जातोय. त्याला म्हटलं, ती बोलवेपर्यंत तू यायचं नाहीस. तेव्हापासून तो माझ्याशीही बोलत नाही. जीव घाबरा झालाय. तुम्ही माझ्या जागी असता तर त्याला नेलं असतं का?