आप्पांच्या डोक्यावरचा पंचा

धाकटा भाऊ कुस्ती करायला लागला तेव्हापासून मी एक नियम पाळत आले होते. तो आखाड्यात उतरला की मी घरात. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात यात्रेला कुस्त्या लागायच्या, हलगीचा आवाज परसापर्यंत यायचा आणि मी तो ऐकू येऊ नये म्हणून दणादणा भाकऱ्या थापायचे. हलगी मध्येच थांबली की तव्यावरची भाकरी करपायची. आई हसायची. "पाडंल न्हायतर पडंल, त्यात काय एवढं," म्हणायची. घरातली सगळी काळजी माझ्या एकटीच्या वाट्याला टाकून ती मोकळी झाली होती.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, जुने पैलवान. गुडघा गेल्यावर ते शेती बघू लागले आणि पहाटे तालमीतल्या पोरांवर ओरडू लागले. डोक्यावर टोपी नाहीतर पटका असल्याशिवाय त्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही. दारात म्हैस सुटली तरी आधी टोपी, मग म्हैस. त्यांनी कधी कुणापुढं हार मानली नाही, असं गावात सांगतात. माझ्या मते त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नाही, पण गावाला कोण सांगणार.

भाऊ बेळगावात एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला लागला. माझी शाळेतली नोकरीही बेळगावातच, त्यामुळे तो राहायला माझ्याकडे. संध्याकाळी तो एका जिममध्ये जाऊ लागला आणि तिथं त्याला हा नवा नाद लागला. मिक्स मार्शल आर्ट. कुस्ती चालते, बुक्की चालते, लाथ चालते, खाली पडल्यावरही थांबायचं नाही. आमच्या भागात तेव्हा हे नवंच होतं. मोबाईलवर बघून शिकलेले गुरू आणि त्यांच्याकडून शिकलेले चेले. मला तर ऐकूनच घाम फुटला.

घाम फुटायला कारण होतं. आमच्याच तालमीतला एक पोरगा आधी अशा स्पर्धेला जाऊन आला होता. समोरच्यानं त्याचा हात दोन पायांत धरून उलटा ताणला. अशा वेळी नियम सोपा असतो. अडकलेल्यानं मोकळ्या हातानं थाप मारायची, की पंच लगेच लढत थांबवतो. पण तालमीत वाढलेल्या पोराला ती थाप मारता येत नाही. तिथं त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की पाठ लागेपर्यंत कुस्ती सोडायची नाही. त्या पोरानं थाप मारली नाही. त्याचं कोपर निखळलं, आणि अजून त्याला त्या हातानं दुधाची किटली उचलवत नाही.

निपाणीच्या स्पर्धेत नाव घातल्याचं भावानं मला सांगितलं तेव्हा मी आधी भांडले, मग रुसले, मग रडले. तिन्हीचा उपयोग झाला नाही. शेवटी तोच माझ्यासमोर येऊन बसला.

"आक्का, तू येनार हाईस," तो म्हणाला. "माझ्या कोपऱ्यात बसायचं. टॉवेल तुझ्याकडं. मी अडकलो आनि हात जातोय असं दिसलं की आत फेकायचा. फेकला की लढत बंद."

"मी कशाला रं? तुझी पोरं हाईत की."

"पोरं फेकायची न्हाईत, त्यांना लाज वाटंल. आप्पा येनार हाईत, ते तर फेकू बी द्यायचे न्हाईत. आनि आप्पांच्या म्होरं माझ्यानं थाप मारवायची न्हाय." मग खाली बघून म्हणाला, "तू भित्री हाईस. तूच पायजेस."

एवढा मोठा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. त्या आठवड्यात मला धड झोप आली नाही. लवकर फेकला तर त्याची जिंकणारी लढत जाणार. उशिरा फेकला तर हात जाणार, आणि लेथवरच्या माणसाचा हात गेला तर राहिलं काय? वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी मनातल्या मनात टॉवेल फेकत होते.

स्पर्धा निपाणीत तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत होती. माल कधीच गेला होता, वास मात्र भिंतींत मुरून राहिला होता. आत पाऊल टाकताच शिंका सुरू. मधोमध गाद्या अंथरून भोवती तारेची जाळी उभी केली होती. आमच्या गावातून टेम्पो भरून माणसं आली होती, हलगीवाल्यासकट. कर्ण्यावरून कुणीतरी कानडीत आणि हिंदीत नियम सांगत होता. दोन्ही भाषा आमच्या लोकांना येतात, पण हलगी आणि शिंका यांतून ते कुणाला ऐकू गेले असतील असं वाटत नाही.

टॉवेल म्हणून मी घरातला पंचा आणला होता. टर्किश टॉवेल घामानं जड होतो आणि लांब जात नाही, अशी माझी काळजी. पंचा पातळ, पांढरा, लांब. तो मी दोन्ही हातांत इतका आवळून धरला होता की पलीकडे बसलेले आप्पा म्हणाले, "पोरी, पिळतीस काय त्याला?"

लढत सुरू झाली. समोरचा उंच, लांब हातापायांचा. त्यानं सुरुवातीलाच भावाच्या मांडीवर अशी लाथ मारली की आवाज माझ्या दातांपर्यंत आला. दुसरी. तिसरी. भाऊ नुसता मागे सरकत होता. मी अर्धी उठले, पंचा अर्धा उचलला, परत बसले. जीव नुसता टांगणीला लागला होता. आणि अचानक भाऊ खाली वाकला, त्याची मांडी धरली, उचलला आणि धाडकन पाठीवर आपटला. दोन्ही हातांनी खांदे गादीला दाबून धरले.

आमच्या माणसांनी यापेक्षा वेगळं काय बघायचं असतं? पाठ लागली. चीतपट. हलगी कडाडली, शिट्ट्या सुरू झाल्या, सगळे उभे. आमच्याकडे पोरानं कुस्ती मारली की त्याच्या वस्तादाला पटका बांधतात. भावाचे वस्ताद आप्पाच. गावच्या दोघांना तेवढ्या गडबडीतही रीत आठवली. पटका कुणी आणला नव्हता. एकानं माझ्या हातातला पंचा ओढून घेतला. "द्या आक्का, द्या!" त्यांनी आप्पांची टोपी काढून त्यांच्याच हातात दिली, तो पंचा डोक्याला गुंडाळला आणि मागे करकचून गाठ मारली. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि माझाही जीव भांड्यात पडला होता. तेवढ्यापुरती मीसुद्धा नियम विसरले.

भाऊही विसरला असावा. खांदे दाबून, हात ताठ ठेवून त्यानं मान वळवली आणि आप्पांकडे बघितलं. खाली पडलेला मात्र विसरला नव्हता. त्यानं तो ताठ हात धरला, कंबर फिरवली, आणि त्याचे लांब पाय भावाच्या मानेवरून पलीकडे गेले.

हलगी वाजतच होती. लोकांना वाटलं, हरलेला उगाच तडफडतोय. मला भावाचं कोपर दिसत होतं. ते सरळ झालं होतं आणि आणखी पुढे जात होतं. पंच वाकून भावाला काहीतरी विचारत होता आणि भाऊ मान हलवून नाही म्हणत होता. त्याचा दुसरा हात मोकळा होता. त्यानं ती मूठ आवळून छातीशी धरली होती.

मी माझ्या हातांकडे बघितलं. हात रिकामे.

त्यानंतर मी काय केलं ते आमच्या गावात कुणी माझ्यासमोर बोलत नाही. मी आप्पांच्या अंगावर धावले. डोक्यावरचा पंचा धरला आणि ओढला. तो निघेना. गाठीत नखं घातली, ती सुटेना. आप्पा माझ्याकडे बघत होते, त्यांना काही कळत नव्हतं. "आगं, आगं!" असं कुणीतरी ओरडलं. मी दोन्ही हातांनी हिसडा मारला, पंचा त्यांच्या कानाला खरचटत निघाला आणि मी तो जाळीवरून आत भिरकावला.

पंचानं हात वर केले. हलगी थांबली. वखारीत फक्त एक शिंक ऐकू आली.

हात मोडला नव्हता. आतली शीर ताणली होती; महिनाभर झोळीत ठेवावा लागला. टेम्पोत भाऊ माझ्याशेजारी बसला होता. म्हणाला, "जरा थांबली असतीस तर निसटलो असतो."

"आनि न्हाय निसटला असतास तर?"

त्यानं दुखरा हात मांडीवर नीट ठेवला. आप्पा पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. टोपी गर्दीत कुठंतरी पडली होती. वाऱ्यानं त्यांचे विरळ पांढरे केस उडत होते. चारचौघांत मी बापाचं डोकं उघडं केलं होतं. कुणा पोरानं केलं असतं तर गाव पेटलं असतं; मी मुलगी, म्हणून सगळे गप्प होते. मला लाज वाटत होती, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन हेही कळत होतं. आप्पा घरापर्यंत बोलले नाहीत. पुढेही मी गावी गेले की ते जेवण झाल्यावर उठून रानात जायचे. एकेक शब्द मोजून बोलायचे. त्यांनी मला कधी माफ केलं नाही तर, या विचारानं मी धास्तावून गेले होते.

हात बरा झाल्यावर भावानं पुन्हा नाव घातलं. या वेळी बेळगावातच. मी पुन्हा भांडले, रुसले, रडले. स्पर्धेच्या दिवशी सकाळी आप्पांना आणायला बसस्टँडवर गेले. खानापूरची बस आली. आधी मला ते दिसलेच नाहीत, कारण मी टोपी शोधत होते. मग बोडक्या डोक्याचा एक म्हातारा दांडा धरून, दुखऱ्या गुडघ्यानं सावकाश उतरला. हातात घडी केलेला पांढरा पंचा.

"आप्पा, टोपी?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे घरात."

त्यांनी पंचा माझ्या हातात दिला. मग स्टँडच्या गर्दीकडे बघत म्हणाले, "त्या दिशी गाठ लई घट्ट बसलीती. तुला येळ लागला."