सिस्टर कुणाशी बोलणार?

इतिहासवाल्यांच्या घोळक्यात काही वर्षं काढली की डिग्री एकच मिळते, किस्से मात्र पोतंभर! व्हर्जिनियातून परत येऊन मी आता कोल्हापुरात शिकवते. वसाहतकाळातल्या शाळांचा विषय निघाला, की मला आधी लान आठवते. आणि अजूनही हसून पोट दुखतं!

* * *

लान सायगावची. निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेली, माझ्याच वर्गातली. दोघींचा विषय एकच: फ्रेंच अमलातल्या व्हिएतनाममधल्या कॅथलिक शाळा. दोघींना माणूसही एकच हवं होतं: त्या काळी तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेल्या, आता आमच्याच गावात राहणाऱ्या एक म्हाताऱ्या सिस्टर.

प्रोफेसर म्हणाले, "सिस्टर जिच्याशी बोलतील, विषय तिचा. दुसरीनं दुसरा शोधावा."

* * *

जवळच्या हर्नडन गावातल्या मराठी काकू रविवारी जेवायला बोलवायच्या. विषय ऐकून म्हणाल्या, "अगं, आपल्याकडच्या शाळा संपल्या का?"

मी तावातावानं सांगितलं, पारतंत्र्य भोगलेल्या देशांनी एकमेकांचा इतिहास वाचलाच पाहिजे!

"वाच की. पण आधी नखं खायचं थांब, आमटी खा."

काय करू! लानचं नाव निघालं की बोट तोंडात जायचं.

* * *

सेमिनारमध्ये मी पेपर वाचला. या शाळांनी मुलींना मातृभाषेपासून कसं तोडलं, सगळं पुराव्यानिशी! लाननं शांतपणे हात वर केला.

"माझी आई तिथंच शिकली. प्रार्थना फ्रेंचमध्ये, भांडणं व्हिएतनामीत."

वर्ग खो खो हसला. माझ्या सगळ्या तळटीपा एका आईपुढं आडव्या!

* * *

व्हिएतनामीत 'मी' कसं म्हणायचं, हे समोर कोण आहे त्यावर ठरतं. मी पुस्तकातला परका, औपचारिक 'तोय' घेऊन सिस्टरांकडे गेले. त्या हवापाण्याचं बोलल्या, चहा दिला. संपलं!

मग लान गेली. स्वतःला म्हणाली 'कॉन', म्हणजे लेकरू. सिस्टर तिचा धरलेला हात सोडेचनात! शाळेचा विषय काढल्यावर मात्र म्हणाल्या, "पुढच्या खेपेला दोघी या."

"मला आधी सांगायचंस ना!" मी फणकारले.

"तू विचारलंस कुठं?"

* * *

मग मी 'कॉन'चा सराव धरला. बसमध्ये, बाथरूममध्ये, सगळीकडे! व्हिएतनामी दुकानात तोंडातून निघालंच, "लेकराला कोथिंबीर द्या."

काउंटरवरची पोरगी शाळकरी. गंभीरपणे म्हणाली, "घे हो बाळ!"

* * *

ठरल्या दिवशी लान नटून आली. नखांना लालभडक पॉलिश. मी सिस्टरांच्या बैठकीच्या खोलीत 'कॉन, कॉन' पुटपुटत बसलेले. तेवढ्यात काठी टेकत सिस्टर आत आल्या, आणि माझी कोल्हापूरच्या कॉन्व्हेंटमधली हाडं आपोआप उभी राहिली.

"गुऽऽड मॉर्निंग, सिस्टऽऽर!"

दुपारचे तीन वाजले होते! शेजारी लानही ताडकन उभी. तिचं फ्रेंचमधलं "बाँजूर", पण चाल अगदी तीच!

सिस्टर हसल्या नाहीत. काठी भिंतीला लावली आणि म्हणाल्या, "हात."

आम्ही दोघींनी निमूट हात पुढं केले. सिस्टरांनी आधी लानची बोटं उलटसुलट पाहिली. मग माझी. लानला म्हणाल्या, "मागे बस." आणि माझा हात न सोडता, "विचार, कॉन."

संध्याकाळपर्यंत त्या बोलत होत्या.

 परतीच्या बसमध्ये लान खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"नखं कधी कापलीस गं तू?"