उस्मानभाईंचा उजवा हात

लोककथा गोळा करीत मी चांदवडपासून नांदगावपर्यंत हिंडलो; परंतु सर्वाधिक किस्से मला बसल्या जागी मिळाले! तीस सालानंतरची ती वर्षे. पंचवटीतील माझ्या डॉक्टरमित्राच्या दवाखान्यात रोज सायंकाळी आमची बैठक जमे. एकाने सांगितलेला प्रसंग दुसरा पुरा करी, तिसरा दुरुस्त करी, आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचे तीन प्रसंग झालेले असत. त्यांतील बरेचसे एकाच हाताचे आहेत.

तो हात उस्मानभाई कल्हईवाल्यांचा. पत्र्याने दंड कापला. जखम भरली, परंतु आतील मज्जातंतू, लोक ज्याला नस म्हणतात, तुटलेला! मनगट लोंबू लागले, चिमटा उचलेना. आणि चिमट्याविना कल्हई कसली?

*

शेजारच्या तालमीतील वस्तादांनी खुराक सुरू केला: दूध, तूप, बदाम. महिन्याभरात उस्मानभाईंचे पोट सुटले. हात वाळतच गेला.

"एवढं खाल्लेलं जातंय तरी कुठं?" वस्ताद चक्रावले.

डॉक्टरांनी विचारले, "उस्मानभाई, भट्टीत कोळसा आहे, पण भाता ओढणारा निघून गेला, तर?"

"कोळसा तसाच पडून राहील, साहेब."

"स्नायूचंही तेच. रक्तातून साखर येते, पण नसेचा हुकूम नाही, म्हणून ती जळत नाही. उलट तो स्वतःलाच मोडून खातो."

"या अल्ला! बदाम पोटानं खाल्ले, आणि हातानं हात खाल्ला!"

*

तुटलेली नस पुन्हा वाढून स्नायूला भिडेपर्यंत तो टिकावा म्हणून डॉक्टरांनी विजेची पेटी आणली. वस्तादांनी हात धरला. कळ फिरताच मेलेले मनगट ताडकन वर उठले! वस्ताद थेट दाराबाहेर!

"मेलेला हात म्हणता, अन् सलाम ठोकतोय!"

"सलाम माझा आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याचा अजून यायचाय."

*

दृष्ट काढताना दोऱ्याने अंग मोजण्याची चाल मी टिपून ठेवली होती. वस्ताद त्याच चालीने दर सोमवारी दोन्ही हात मोजत. एके दिवशी ते नाचतच आले: "दोन्हींतला फरक लय कमी झाला!"

आम्ही टाळ्या पिटल्या. डॉक्टरांनी मात्र जुने दोरे मागवले. उजवा होता तेवढाच होता. कामाविना धडधाकट डावाच बारीक झालेला!

"जोडीदाराची सोबत केली बिचाऱ्यानं," उस्मानभाई उद्गारले. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांना डाव्या हाताने भाता ओढायला बसवले.

*

डॉक्टर रोज एकच प्रश्न विचारीत: "उजवा दमला का?"

"दमायला आधी काम करावं लागतं, साहेब! हा तर नवाबासारखा गळ्यातल्या झोळीत बसलाय!"

डॉक्टर वहीत "नाही" लिहीत. अशी कित्येक "नाही" झाली. पुढे एक बोट हलले, मग मनगट किंचित उचलले, तशी वस्तादांनी रोज मालिश सुरू केली. तरी वहीत "नाही"च!

*

आणि एका संध्याकाळी उस्मानभाई संतापून आत शिरले.

"वस्तादांची मालिश बंद करा! दोन वाट्यांना कल्हई केली नाही, तोच हात भरून आलाय!"

"कोणता हात?"

"चिमट्याचा! उजवा!"

"काय झालंय त्याला? नीट सांगा."

"सांगू काय? दमलाय! पार दमलाय!"

डॉक्टर अनवाणीच गल्लीत धावले. "वस्ताद! अहो वस्ताद! हात दमला!"

तालीम रिकामी झाली. वस्तादांनी उस्मानभाईंना खांद्यावर घेतले, आणि गल्लीभर जल्लोष उसळला. वरून उस्मानभाई ओरडतच होते:

"अरे, दुखतोय म्हणतोय मी! नाचता कसले?"