सफरचंदांच्या हौदातले आंबे

पैठणजवळच्या आमच्या शेतात सफरचंदं लागतात, हेच मुळात अर्ध्या गावाला पटत नव्हतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हट्टानं झाडं लावली. शहरात नोकरी करणाऱ्या दादाचं म्हणणं एकच, "लागतात, पण टिकत नाहीत. आठवड्यात पिठूळ होतात." औषध मारायचं नाही, मेण लावायचं नाही, हा अण्णांचा हेका. शेवटी ठरलं, रविवारी दादा औरंगपुऱ्याच्या बाजारातला फळवाला घेऊन येणार. फळं पिठूळ निघाली तर झाडं काढून मोसंबी लावायची. जेसीबीवाल्याला तो सांगूनही बसला होता. त्याचा मला अजून राग येतो.

म्हणून अण्णांनी फळं गार ठेवायला हौद बांधला. विटांच्या दोन भिंती, मधे ओली वाळू, वर भिजलेलं बारदान. पहाटे देठासकट तोडलेली बिनडागी फळंच आत ठेवली; रविवारी त्यांना दोन आठवडे होणार होते. वाळू भिजवायला मी रजा टाकून आले होते. बाहेर अंग भाजायचं आणि हौदात हात घातला की गार लागायचं.

शुक्रवारी बारदान उचललं आणि आंब्याचा वास आला.

कोपऱ्यात टोपलीभर केशर, चांगले पिकलेले. एक आंबा पिकला की अख्खी अढी पिकते, हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक. आणि इथं ते सफरचंदांना खेटून ठेवलेले!

"आई, हे कुणी ठेवलं?" माझा आवाज चढला.

आई दारातच थांबली. "त्याला गार आंबा लागतो ना गं. रविवारी येतोय."

झाडं उपटायला येणाऱ्यासाठी! मी तिला वाट्टेल ते बोलले. अण्णा मात्र खाली बसून एकेक फळ अंगठ्यानं दाबत राहिले. टोपलीजवळची मऊ पडली होती, ती काढली. बाकीची घट्ट लागत होती, पण आतलं कुणाला दिसतंय? दोन दिवस घरात कुणाला धड घास गेला नाही.

रविवारी फळवाल्यानं नेमका त्याच कोपऱ्यात हात घातला. त्यानं सुरी फिरवली. कर्रकन आवाज झाला, आत पांढरंशुभ्र. त्यानं दुसरं कापलं, तिसरं कापलं, फोड तोंडात टाकली.

"लई कडक हाय की. द्या पाठवून."

दादा हातातल्या फोडीकडं बघत राहिला. मग अंगणात जाऊन त्यानं जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं.

जेवताना त्यानं विचारलं, "आई, यंदा आंबा नाय का?"

आंबे तिनं शुक्रवारीच शेजारी वाटून टाकले होते. त्याच्या वाटणीचं तिनं दुसऱ्याला दिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं होतं. तिनं त्याच्या ताटात सफरचंदाची फोड ठेवली.

"यंदा हे खा," ती म्हणाली.