उजव्या हाताचा मोजा

दाणे वजन करायला घेतले की लॅबमधल्या माझ्या सीनियर, दीदी, आधी उजव्या हाताचा रबरी मोजा काढून कोटाच्या खिशात कोंबायच्या. रायपूरच्या कोरड्या हवेत ते प्लास्टिकचे बारीक दाणे मोज्याला असे चिकटतात की माणूस रडकुंडीला येतो. मी चाचपडत असलो की म्हणायच्या, "मोजा काहून घालतो रे? दाणे चिकटून राहिले न."

सिलतऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या लॅबमध्ये मलेरियावरचं औषध शोधणं चालायचं. शोधणं म्हणजे काय, तर दाण्यांचे वाटे करायचे, प्रत्येक वाट्यावर वेगळं रसायन बांधायचं, सगळे एकत्र कालवायचे आणि पुन्हा वाटे करायचे. चार दिवसांत जगात कधी नव्हते असे हजारो पदार्थ तयार. त्यातला एखादाच कामाचा. मी एकदा विचारलं, बाकीचे काय करतात? दीदी हसल्या. "ते कोण पाहून राहिलं?"

नियम मलाही पाठ होते. पण साहेबांना घाई, मी मुळातच उतावळा, आणि वीस वर्षं हे काम केलेली बाई सांगते म्हटल्यावर मीही मोजा काढू लागलो.

एका दुपारी टपरीवरून उकळता चहा आला. मला ग्लास धरवेना, आणि दीदींनी तो मुठीत घट्ट धरलेला. तळवा लालबुंद झाला तरी त्यांचं बोलणं चालूच. मी ग्लास ओढून घेतला तेव्हा कुठे त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या रसायनाला हात लागला? घ्या, आता काय सांगणार? मी सगळ्या वह्या उपसल्या. औषध शोधताना आम्ही पेशींवर तपासत तपासत हजारातून एकावर येतो. हे तपासायचं कशावर, दीदींच्या दुसऱ्या हातावर? मला स्वतःचीच शिसारी आली.

बधिरपणा कोपराच्या वर गेला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. त्या दिवशी त्यांच्या कोटाची बटणं मी काढून दिली. एरवी मला चिडवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, पण तेव्हा हळूच म्हणाल्या, "तू मोजा काढू नको पोट्ट्या. मले वचन दे."

मी दिलं, आणि दोन वर्षं झाली, पाळतोय. दीदी आता भिलाईला मुलीकडे असतात. आता डावा हातही बधिर, मुलगी भरवते तेव्हा जेवतात. फोन करायचा धीर मला होत नाही.

काल टपरीवरची बाई म्हणाली, "भैया, बहुत गरम है, किनारे से पकड़ो." ग्लासातून वाफ निघत होती. मी तो मुठीत धरला होता, आणि बोटांना काहीच लागत नव्हतं.